गल्ली आठ मीटरची, भिंत नऊ मीटरची: पहिल्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याचं एक प्रकरण

आमचा वाडा पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. मी चाळीसेक वर्षं स्टुडिओ चालवला. तो बंद होऊनही बराच काळ लोटला, पण फोटोतलं काही विचारायचं असलं की सोसायटीत अजून माझंच दार वाजतं. मागच्या दिवाळीत ती फराळाचा डबा परत द्यायला आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, मला लार्ज फॉरमॅट घ्यायचाय. कुठला घेऊ?"

मी म्हटलं, "आधी बस."

त्या बसण्यापासून पुढचं वर्षभर काय काय झालं, ते इथं लिहितोय. हाच प्रश्न मला फोनवर अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं आणि दर वेळी तेच सांगून घसा सुकतो. शिवाय या प्रकरणात एक चूक चक्क माझी आहे. ती लपवून सल्ला देत बसलो तर बरं दिसणार नाही.

ज्यांना हे प्रकार माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. लार्ज फॉरमॅट म्हणजे रोल नाही, सुटी शीट फिल्म. सगळ्यात लहान चालणारा आकार ४ बाय ५ इंच. पुढं लेन्स, मागं ग्राउंड ग्लास, मध्ये बेलोज, म्हणजे आपला भाता. ग्राउंड ग्लासवर चित्र उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर आणि डावं उजवं बदललेलं. डोक्यावर काळं कापड घेऊन फोकस करायचा, शटर बंद करायचं, काचेच्या जागी होल्डर, म्हणजे फिल्मची बंद चौकट, सरकवायचा, डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरचं सरकतं झाकण, ओढायची, मग एक्स्पोजर. एका होल्डरमध्ये दोन शीट, दोन बाजूंना. एवढा खटाटोप कशासाठी? निगेटिव्ह मोठी मिळते म्हणून, आणि लेन्स व फिल्म एकमेकांपासून सुट्या हलवता येतात म्हणून. तिच्या कामाला दुसरं कारण जास्त लागू होतं, पण त्या दिवशी ते तिलाही माहीत नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

तिच्याकडे काय होतं? ७५ हजार रुपये. मोकळे रविवार. एक स्कूटर. खिडकी नसलेली बाथरूम, आणि ही मोठीच मिळकत. एक चांगला डिजिटल कॅमेरा. आणि वाईला आजोबांच्या धाकट्या भावाच्या बंद पडलेल्या स्टुडिओतला सागवानी कॅमेरा, पितळी कोपऱ्यांचा, लाल भात्याचा.

खरं तर तो कॅमेरा बघूनच तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं.

वाईचा कॅमेरा

तो तिनं स्कूटरवर, चादरीत गुंडाळून माझ्याकडे आणला. फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचाचा. असे कॅमेरे आपल्याकडे गावोगावच्या स्टुडिओंत असायचे, काही विलायती, काही इथंच बनलेले. केरळात अलप्पुळ्याला बनणारे वागीश्वरी कॅमेरे पुष्कळ जुन्या लोकांना आठवतील. हा कुठला ते पाटी निघून गेल्यामुळं कळेना. पुढं पितळी रॅपिड रेक्टिलिनिअर लेन्स. शटर नाहीच, टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी लावायची.

तिला वाटत होतं, मी म्हणेन "वा, हाच वापर." मलाही तसं म्हणायचा मोह झाला. लाकडाचा वास आला आणि मी पाच मिनिटं गप्पच बसलो. मग टॉर्च घेतला.

बाथरूममध्ये अंधार करून भाता पूर्ण ताणला आणि आत टॉर्च फिरवला. घड्यांच्या कोपऱ्यांवर नक्षत्रमाळ उगवली. मोजायच्या भानगडीत पडलो नाही. ते दुरुस्त होतं, काळा रंग आणि रबर सोल्यूशन लावून. काच बघितली, तर कुणीतरी फुटलेली बदलून नवी बसवली होती आणि घासलेली बाजू बाहेर केली होती. घासलेली बाजू लेन्सकडे हवी, कारण चित्र त्याच पृष्ठावर उमटतं. काचेच्या जाडीएवढा फरक पडला की काचेवर चित्र लख्ख आणि फिल्मवर बोंब. तेही दुरुस्त होतं. अडलं होल्डरपाशी. तीन लाकडी बुक-फॉर्म होल्डर होते, त्यातला एक दुसऱ्याच कॅमेऱ्याचा. त्या काळी होल्डर त्या त्या कॅमेऱ्याला घासून-तासून बसवलेले असत, एकाचा दुसऱ्याला जाईलच असं नाही. उरलेल्या दोनांत काचेच्या प्लेटसाठी जागा, शीट फिल्म धरायची पत्र्याची चौकट गायब. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे या आकाराची फिल्म दुकानात जाऊन मागता येत नाही. प्रत्येक शीट मोठ्या शीटमधून अंधारात कापायची.

म्हणजे पहिल्या फोटोआधी चार दुरुस्त्या. आणि फोटो बिघडला तर नेमकं काय बिघडलं हे ओळखायला काहीच स्थिर नाही. भाता, काच, होल्डर, टोपी, फिल्मचा वेग, सगळंच संशयित. शिकाऊ माणसाला एका वेळी एकच चूक करता यायला हवी. या कॅमेऱ्यानं ती सोय ठेवली नव्हती.

"मग हा काय शोकेसमध्ये ठेवू?" ती जरा घुश्शातच म्हणाली.

"सध्या ठेव. फेकायला नाही सांगत."

मग तिनं ८ बाय १० चा विषय काढला, निगेटिव्हचाच सरळ प्रिंट होतो म्हणून. तो मी दोन वाक्यांत संपवला. प्रत्येक गोष्ट मोठी, प्रत्येक गोष्ट जड आणि प्रत्येक चूक चौपट क्षेत्रफळाची. ४ बाय ५ ठरलं.

कॅमेऱ्याआधी फोन

एव्हाना तिनं यादी करून आणली होती. इंग्लंडात ब्रायटनला बनणारा प्लायवुडचा इंट्रेपिड, वजन सव्वा किलोच्या आसपास. अमेरिकन प्रेस कॅमेरा क्राउन ग्राफिक, परदेशातून वापरलेला. आणि स्टुडिओतले मोनोरेल, म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले कॅमेरे, सिनार, टोयो, कॅम्बो, यातला जो मिळेल तो. समोर गुण-दोषांचे रकाने. वजन, किंमत, दिसायला कसा, असं बरंच काही. एक रकाना नव्हता. हा कॅमेरा घेऊन उभं कुठं राहायचं?

म्हणून तिला एक महिन्याचा अभ्यास दिला. काही विकत घ्यायचं नाही. जे फोटो मोठ्या कॅमेऱ्यानं काढावेसे वाटतात त्या जागी जायचं, फोननं काढायचे आणि तीन गोष्टी टिपायच्या: फोन वर वाकवावा लागला का, झूम १ वर होता की २ वर, आणि स्कूटर किती लांब लावली होती.

यामागं साधा हिशेब आहे. बहुतेक फोनांची मुख्य लेन्स ३५ मिमी कॅमेऱ्याच्या भाषेत २४ ते २८ च्या मध्ये कुठंतरी असते. ४ बाय ५ वर ९० मिमीची लेन्स साधारण तेवढंच बघते. फोनचा २ चा झूम म्हणजे १५० ते १८० मिमीचा टापू. खिशातला फोन हाच लेन्स निवडायचा व्ह्यूफाइंडर, आणि तो फुकट आहे.

मार्गशीर्षात ती ४२ फोटो घेऊन आली. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीची दर्शनी भिंत, जिच्यावर साखळदंडानं बांधलेला गेंडा कोरलाय. हे देऊळ १७५४ ते १७७० च्या दरम्यान बांधलं गेलं, काळ्या पाषाणातलं. विश्रामबागवाड्याचे सुरूदार लाकडी खांब. शनिवार, नारायण, कसबा पेठांतले उरलेसुरले वाडे, त्यांचे दिंडीदरवाजे, कोनाडे, तुळया. ४२ पैकी ३३ फोटोंत फोन वर वाकवलेला, त्यामुळं भिंती मागं कलंडलेल्या. २७ फोटो १ च्या झूमवर. आणि सिंहगडच्या वाटेवरचे वगैरे, म्हणजे पाठीवर घेऊन चालावं लागेल असे, फक्त ४.

तिच्या यादीतला पहिला रकाना वजनाचा होता. तो आता शेवटी गेला.

तिला गणित कागदावर करून दाखवलं, ते इथंही देतो. समजा गल्ली आठ मीटर रुंद आहे आणि समोरच्या वाड्याची दर्शनी भिंत नऊ मीटर उंच. तुम्ही पलीकडच्या ओट्याला पाठ लावून उभे, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, अगदी पाणसळीत. फिल्म उभी धरली तर १२० मिमी उंची मिळते. १५० मिमीच्या लेन्सनं आठ मीटरवर ६.४ मीटर उंचीच मावते, तिथंच विषय संपला. ९० मिमीच्या लेन्सनं १०.७ मीटर मावते. भिंत नऊची, म्हणजे झालं? नाही. कॅमेरा सरळ असल्यामुळं निम्मं चित्र दीड मीटरच्या रेषेखाली जातं. वर ६.८ मीटरपर्यंतच दिसतं, खाली नुसता रस्ता आणि गटाराची झाकणं. वरचे सव्वादोन मीटर, म्हणजे नेमकी सज्जाची नक्षी, कापली जाते. कॅमेरा वाकवला तर भिंत कलंडते. पण लेन्स तशीच समांतर २५ मिमी वर उचलली तर चित्र सव्वादोन मीटरनं वर सरकतं आणि नऊच्या नऊ मीटर सरळ उभे येतात. या उचलण्याला राइज म्हणतात.

तिची सगळी गरज या २५ मिलिमीटरांत होती. "आणि टिल्ट?" तिनं विचारलं. टिल्टवरचे व्हिडिओ तिनं पुष्कळ पाहिले होते. ऑस्ट्रियाच्या लष्करातल्या थिओडोर शाइम्फ्लुग यांचं १९०४ चं पेटंट, लेन्सचं प्रतल तिरकं करून फोकसचं प्रतल फिरवायचं, सगळं तिला पाठ. मी म्हटलं, चौकातल्या फरसबंदीसाठी लागेल कधीतरी. भिंतीसमोर भिंतीला समांतर उभं राहायचं असतं, तिथं टिल्ट शून्यावर.

लेन्सनंही तेवढी जागा झाकायला हवी. उभ्या फिल्मवर २५ मिमी राइज घ्यायचा तर कोपऱ्यापर्यंत पोचायला सुमारे १९५ मिमी व्यासाचं वर्तुळ लागतं. श्नायडरच्या सुपर अँग्युलॉन ९० मिमी एफ/८ ला एफ/२२ वर २१६ मिमी मिळतं. चालेल.

तिघांतला एक

क्राउन ग्राफिक लगेच बाद झाला. पत्रकारांसाठी बनवलेला सुंदर कॅमेरा, पण पुढचा राइज थोडका, मागं काहीच हालचाल नाही आणि बॅक फिरत नाही. उभा फोटो घ्यायचा तर कॅमेराच आडवा करायचा, मग राइजचा होतो डावा-उजवा सरक. तिच्या कामाला नेमका उलटा.

इंट्रेपिडबद्दल माझं मत वाईट नाही. तिचं बरंचसं काम त्यानं भागलं असतं, आणि टेकड्या चढणारा कुणी विचारायला आला असता तर मी दुसरं नाव घेतलं नसतं. पण बाहेरून मागवायचं तर कस्टम ड्युटी नुसत्या कॅमेऱ्याच्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागते, वर कर. आणि तेवढं करून हातात नुसती चौकट. लेन्स वेगळी, लेन्सबोर्ड, म्हणजे लेन्स बसवायची फळी, वेगळी, होल्डर वेगळे. आमचा नियम ठरला होता की कॅमेरा आणि लेन्स मिळून निम्म्याहून जास्त पैसे जाता कामा नयेत. उरलेले निम्मे फिल्म, होल्डर आणि केमिकलचे. पहिलं वर्ष फिल्म जाळण्याचं असतं. एका शीटच्या पैशात दोघांची मिसळ होते, वर ताकही.

इतक्यात माझ्या जुन्या ओळखीतून बातमी आली. मुंबईतले एक जाहिरात-फोटोग्राफर स्टुडिओ आवरत होते, त्यांच्याकडे सिनार एफ, १५० आणि ९० अशा दोन लेन्स, दोन्ही बोर्डावर बसवलेल्या, आणि सहा होल्डर. मोनोरेल, तीन किलोच्या वर, घडी घालून खिशात जाणारा प्रकार नव्हे. पण तिचे फोटो स्कूटरपासून शंभर पावलांवरचे होते. मोनोरेलची आणखी एक गोष्ट शिकाऊ माणसाला फार उपयोगी पडते: सगळं उघड्यावर असतं. कुठला स्क्रू काय हलवतो ते डोळ्यांना दिसतं, शून्याच्या खुणा दिसतात.

डेक्कन क्वीननं गेलो. मी टॉर्च, भिंग आणि एक वाया गेलेली शीट घेऊन गेलो होतो. भाता ताणून टॉर्च फिरवला, अंधारच अंधार, समाधान झालं. लेन्समधून आरपार प्रकाश धरून बुरशी पाहिली. मुंबईच्या हवेत हे न बघता घेणं म्हणजे लग्न ठरवताना मुलगा न बघणं. ९० च्या कडेला दोन-चार धागे होते, मध्ये स्वच्छ. शटर १ सेकंदावर लावून ऐकलं. चांगल्या शटरचा आवाज एकसारखा किरकिरत जातो. मधेच दम खाल्ला तर आतलं तेल वाळलंय. १५० चं उत्तम, ९० चं १ सेकंदाला किंचित दम खाणारं. वेगवान आकडे ठीक होते, सोडून दिलं. होल्डरमध्ये वाया गेलेली शीट घालून प्रत्येक बाजू सरकवून पाहिली. सहापैकी एकाची तळाची कापडी बिजागरी सुटलेली. तो बाजूला ठेवला आणि भाव थोडा उतरवला. पेटीच्या तळाशी एक फाटका जुना भाता होता. विकणारे म्हणाले, "हाही न्या, कुठं टाकू?" मी म्हटलं, कशाला ओझं. तिनं मात्र तो पिशवीत टाकला.

व्यवहार ३६ हजारांत झाला.

ट्रायपॉडचा प्रश्न तिनंच सोडवला, आणि मला तो फार आवडला. तिच्या ऑफिसात सर्व्हेचा लाकडी ट्रायपॉड धूळ खात होता. मधला दांडा नाही, पायांना लोखंडी टोकं, हत्ती उभा राहील. त्याचा आटा ५/८ इंचाचा, कॅमेऱ्याचा ३/८. नाना पेठेतल्या एका लेथवाल्यानं चहा होईपर्यंत जोडणी करून दिली. डोकं नसल्यामुळं कॅमेरा वाकवायची सोयच नाही, पण भिंतींच्या फोटोला ती नकोच असते. पायांनी पाणसळ साधायची, बाकी सगळं राइजनं.

याचा एक परिणाम मात्र आम्ही धरला नव्हता. सकाळी साडेसहाला पेठेतल्या गल्लीत सर्व्हेचा ट्रायपॉड लावून एक मुलगी कागदावर काहीतरी टिपतेय म्हटल्यावर पाच मिनिटांत तीन खिडक्या उघडल्या. एक आजी खाली आल्या आणि थेट म्हणाल्या, "रस्तारुंदी का? आमचा ओटा किती जाणार ते आत्ताच सांगा." त्यांना काळ्या कापडाखाली घेऊन उलटा वाडा दाखवला तेव्हा कुठं विश्वास बसला. मग पोह्यांचं बोलावणं आलं. सरकारी संरक्षित वास्तूत मात्र असं चालत नाही, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तो अर्ज वेगळा आणि त्याची कथाही वेगळी.

पहिल्या सहा शीट, आणि माझी चूक

पहिल्या रविवारी सहा शीट. एक कोरी, डार्क स्लाइड ओढलीच नाही. एकीवर दोन वाडे, कारण स्लाइड परत घालताना पांढरी बाजूच बाहेर ठेवली. रिवाज असा की पांढरी बाहेर म्हणजे फिल्म ताजी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. पांढऱ्या बाजूला बोटाला लागतील असे उंचवटे असतात, अंधारात कळावं म्हणून. एक पूर्ण काळी. फोकससाठी उघडलेलं शटर बंद न करता स्लाइड ओढली. उरलेल्या तीन बऱ्या. माझ्या पहिल्या सहापैकी किती बऱ्या होत्या हे तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

या सगळ्या चुका एक्स-रे फिल्मवर झाल्या हे बरं. मेडिकलचा माल देणाऱ्याकडून ८ बाय १० ची पेटी आणली होती. लाल दिव्यात कापता येते, कारण तिला लाल दिसत नाही. एकीच्या चार होतात, पण नुसत्या चार समान भागांनी होल्डरमध्ये जात नाहीत. होल्डरला १०० बाय १२५ मिमी लागतं, म्हणून लांबी आणि रुंदी दोन्हींत दीड-दोन मिमी आणखी छाटायचं. दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, असल्यामुळं नुसत्या नखानंही ओरखडा उठतो. सागवान आणि विटा काळ्या पडतात. पण लाल दिव्याखाली, ट्रेमध्ये, डोळ्यांदेखत चित्र वर येताना दिसतं. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणारी फिल्म अंधारातच धुवावी लागते, तिच्यात हे सुख नाही. चार रविवारांत एक पेटीभर शीट संपल्या आणि हात बसला. मग एचपी ५ प्लस ही पॅनक्रोमॅटिक फिल्म उघडली.

आता माझी चूक. फेब्रुवारीत ती पहिल्यांदा ९० ची लेन्स लावून त्रिशुंड गणपतीसमोर उभी राहिली. पाणसळ साधली, फोकस केला, राइजचा स्क्रू सैल करून पुढची चौकट वर उचलली. ती सात-आठ मिलिमीटर गेली आणि थांबली. जोर लावला तर मागची चौकट हलायला लागली, फोकस गेला. तिनं तिथूनच फोन केला. "काका, अडकलंय काहीतरी."

काही अडकलं नव्हतं. ९० मिमीच्या लेन्सला पुढच्या-मागच्या चौकटी जवळजवळ चिकटवाव्या लागतात. नेहमीचा लांब भाता तेवढ्या जागेत दाबला की लाकडी फळीसारखा घट्ट होतो, वाकायला जागाच उरत नाही. फोकस होतो, राइज होत नाही. यासाठी वेगळा, घड्या नसलेला, पिशवीसारखा ढिला भाता असतो, बॅग बेलोज. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं मोनोरेल वापरला, पण स्टुडिओत, टेबलावरच्या मालासाठी, १५० आणि २१० वर. ९० कधीतरीच आणि तीही राइजशिवाय. कागदावर २५ मिलिमीटरांचं गणित मांडलं, लेन्सचं वर्तुळ तपासलं, टॉर्चनं भाता तपासला, आणि तो भाता २५ मिमी वाकेल का एवढं मुंबईत लेन्स लावून करून पाहिलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. तो मऊ भात्याचा छोटा इंट्रेपिड या एका मुद्द्यावर कदाचित आमच्यापेक्षा बरा ठरला असता, हेही तिला कबूल केलं.

मूळ बॅग बेलोज परदेशातून मागवायचा तर उरलेल्या फिल्मच्या पैशांना हात लागत होता. तेव्हा तो फाटका भाता कामी आला, जो मी ओझं म्हणून सोडून देत होतो. त्याच्या दोन्ही धातूच्या चौकटी शाबूत होत्या. चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. बाहेर काळं रेक्झिन, आत काळं दाट कापड. पहिला शिवला तो उन्हात धरला तर प्रत्येक टाक्यातून प्रकाश. दुसऱ्या वेळी शिवण नाहीच, कडा एकावर एक घेऊन चिकटवल्या. तो आजतागायत चालतोय. आता लेन्स ३० मिमीपर्यंत वर जाते. पुढच्याच रविवारी गेंडा, साखळदंड, वरची नक्षी, सगळं एका सरळ उभ्या शीटवर आलं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. एप्रिलमध्ये नळाचं पाणी तापलं. आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक घेतला तर एचपी ५ ला २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. तिच्या बाथरूममध्ये २० अंश ही कविकल्पना. बर्फाच्या पिशव्यांनी २४ वर आणायचं आणि साधारण ९ मिनिटं द्यायची, फिक्सर आणि धुण्याचं पाणीही तेवढ्यावरच ठेवायचं. वाड्याच्या जिन्यात लाइट मीटर १० सेकंद सांगतो तिथं या फिल्मला २० द्यावे लागतात, हे एक शीट पातळ आल्यावर कळलं. तुळईच्या नक्षीजवळ जाऊन १५० ची लेन्स २२५ मिमीपर्यंत ताणली की दीडाचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट प्रकाश द्यायचा, हेही. स्कॅनर घेतला नाही, लाइट टेबलवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं उतरवते. पावसाळाभर लेन्सा डब्यात, सिलिका जेलसोबत. ९० मधले ते दोन-चार धागे तेवढेच आहेत.

७५ हजारांतले साडेपाच हजार अजून शिल्लक आहेत.

यंदा दिवाळीच्या आधी ती पुन्हा वर आली. हातात १४० मिमीची चौरस प्लायवुडची फळी, सुताराकडून मधोमध भोक पाडून आणलेली. सिनारचा लेन्सबोर्ड तेवढाच असतो. भोकात वाईची पितळी रॅपिड रेक्टिलिनिअर आटे लावून बसवली होती. शटर नाही, टोपीच. सावलीत, एफ/४५ वर, एक्स-रे फिल्मला एक-दोन सेकंद लागतात, आणि तेवढे मनात मोजता येतात. आमच्या गॅलरीत मला खुर्चीवर बसवलं, काळं कापड डोक्यावर घेतलं, बाहेर आली, होल्डर सरकवला, स्लाइड ओढली.

"काका, हलू नका हं," म्हणाली, आणि टोपी काढली.